अक्का आणि विरेशचे राहिलेले गेम

जगदेवी अक्कांच्या घरी जेवायला बसणं ही एक परीक्षाच असायची. वाढलेलं संपवायचं, हा त्या घराचा कायदा. शेवटचा घास झाला की त्या ताटात पाणी ओतायच्या, बोटानं कडेकडेनं फिरवायच्या आणि ते पाणी पिऊन टाकायच्या. त्यांच्या लिंगायत घरात जेवणाला प्रसाद म्हणतात आणि प्रसादाचा कणसुद्धा ताटात ठेवून उठायचं नसतं. पहिल्याच दिवशी मी अर्धी भाकरी ठेवून "पोट भरलं" म्हणाले. अक्का नुसत्या भाकरीकडे बघत राहिल्या. ती अर्धी भाकरी मी पाण्याच्या घोटाबरोबर कशीबशी खाली उतरवली. दुसऱ्या दिवसापासून ताटावर वेळेत हात आडवा धरायला शिकले.

जळकोटच्या शाळेत अक्का गणित शिकवायच्या आणि मी मराठी. राहायला दोघी नळदुर्गात. खाली त्यांचं घर, वर माडीवर मी भाडेकरू, नवरा नोकरीला परगावी. सकाळी त्यांच्या स्कूटीवर मागं बसायचं आणि ट्रकांचा धूर खात हायवेच्या कडेकडेनं जळकोट गाठायचं. अक्का ठेंगण्या, अंगानं भरलेल्या. कपाळाला विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि आवाज असा की मागच्या बाकावर पेंगणारा पोरगा पाढे म्हणतच जागा व्हायचा. माहेर आळंदकडचं, म्हणजे कर्नाटकातलं. त्यामुळं राग आला की कानडी, लाड आला की कानडी, आणि मधलं सगळं मराठी.

अर्धवट सोडलेली गोष्ट त्यांना बघवत नसे. खडू नखाएवढा उरला तरी तो चिमटीत धरून लिहायच्या. पेपरांचा गठ्ठा तपासून झाला की वर लाल पेनानं ‘झालं’ असं लिहायच्या आणि मगच पाणी प्यायच्या. तास संपल्याची घंटा झाली आणि फळ्यावरचं गणित राहिलेलं असलं तर त्या वर्गातून हलायच्या नाहीत. पुढचा तास माझा असे. मी दारात पुस्तक घेऊन उभी, आत पोरं माझ्याकडे आशेनं बघतायत, आणि अक्का शांतपणे शेवटची ओळ लिहितायत.

"अर्धं गणित पोरांच्या डोक्यात ठेवून कसं जाऊ गं?" त्या बाहेर आल्यावर म्हणायच्या. "दिवसभर सलतंय त्यास्नी."

पोरांना काही सलत नसे. सलायचं ते अक्कांना.

अशा बाईच्या घरात त्यांच्या मुलानं न खेळलेल्या गेमांची रास सोडून जावी, हा अन्यायच म्हणायचा. विरेश त्यांचा एकुलता एक. कॉलेजात असताना त्यानं टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन घेतलं होतं. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी लागली, तिथं तिघा-चौघांत एक खोली, म्हणून मशीन घरीच राहिलं. जाताना आईला म्हणाला, मधनंमधनं चालू करत जा, नुसतं पडून ऱ्हायलं तर खराब होतंय. अक्का दर रविवारी ते मशीन पुसायच्या, चालू करायच्या आणि थोड्या वेळानं बंद करायच्या. मल्लिनाथअप्पा, म्हणजे त्यांचे यजमान, आपल्या हायवेवरच्या टायरच्या दुकानापुढं नुसती उभी असलेली जुनी जीप जशी आठवड्याला एकदा सुरू करून ठेवायचे तसंच हे.

एका रविवारी पडद्यावर आलेली चित्रांची ओळ त्यांनी बाण दाबून पुढं पुढं सरकवली. ओळ संपेचना. त्यांनी विरेशला फोन लावला, मी तिथंच शेंगा सोलत बसले होते.

"हे समदे खेळून झाले का रे?"

"न्हाय गं आई. घेऊन ठेवलेत. सेल होता तवा."

"घेतलं आन तोंड बी लावलं न्हाईस?"

"टाइम कुठाय मला? खेळीन की कवातरी."

फोन ठेवून अक्कांनी ती ओळ पुन्हा पहिल्यापासून सरकवली. मग मला म्हणाल्या, "ल्हान होता तवा बी असंच. हावरटासारखं ताट भरून घ्यायचा, चार घास खाऊन खेळायला पळायचा. ऱ्हायलेलं मीच संपवायचे. आता खेळायचं सुदिक मीच संपवायचं का?"

मी हसले. त्या हसल्या नव्हत्या. पुढच्या रविवारी बघते तर अक्का खाटेवर मांडी घालून बसलेल्या, हातात ते दोन्ही बाजूंनी धरायचं बटणांचं यंत्र, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि पडद्यावर एक छोटा माणूस भिंतीला डोकं आपटत जागच्या जागी चालतोय. त्याला वळवायचं कसं हे समजायला अक्कांना अख्खी दुपार लागली. पण वळवला.

मग त्यांची एक पद्धतच बसली. शाळेतून आलं की चहा, चहा झाला की गेम, दिवेलागणीला बंद, कारण मग पूजा आणि स्वयंपाक. सर्वात जुना घेतलेला गेम आधी, मग त्याच्या पुढचा. मधला एखादा आवडला म्हणून आधी घ्यायचा नाही, एखादा रटाळ निघाला म्हणून सोडायचा नाही. पडद्यावरची माणसं इंग्रजीत बोलायची ते सगळं वाचायच्या. अडलं तर मला हाक. मला त्यांच्याइतकंच इंग्रजी येत होतं, त्यामुळं दोघी मिळून अंदाज बांधायचो. गेम संपला की करणाऱ्या लोकांची नावं खालून वर सरकत जातात. ती नावं चांगला चहा उकळून व्हावा इतका वेळ चालतात. अक्का त्या सगळ्या नावांसाठी बसून राहायच्या.

"उठा की आता," मी म्हणायची. "झालं ना?"

"शेजारचा जेवत असताना पंगतीतनं उठतेत व्हय? एवढ्या लोकांनी रांधलंय."

ह्या उत्साहाला एक टोचणी मात्र कायम लागून होती. न खेळावं तर अन्न टाकल्यासारखं वाटायचं. खेळावं तर शाळेतल्या बाईनं भर दुपारी टीव्हीपुढं बसून बंदूक चालवायची, हे काय शोभतं का, असं वाटायचं. दार वाजलं की यंत्रावर टॉवेल पडायचा आणि टीव्हीवर कीर्तन लागायचं. शेजारची कुणी आली की अक्का उगाच डोळे पुसत "कीर्तन ऐकायले होते" म्हणायच्या, आणि ती गेल्यावर खोटं बोलले म्हणून पुन्हा हळहळायच्या. विरेशलासुद्धा त्यांनी काही सांगितलं नाही. त्याच्या ताटात विचारल्याशिवाय हात घातल्यासारखं वाटतं म्हणाल्या. माहीत होतं ते मला आणि मल्लिनाथअप्पांना. अप्पा दुकानातून जेवायला आले की दारातूनच एक नजर टाकायचे.

"म्या टायरला ठिगळं लावायची, पोरानं पुण्यात कंप्युटर बडवायचा, आन ह्या बाईनं जंगलात फिरायचं. बरं चाललंय आमचं."

तो जंगलाचा गेम म्हणजे अक्कांच्या खेळण्यातला कळसच होता. बर्फाळ रानात एक माणूस एकटा अडकलाय, हरणं-ससे मारून खायचे आणि वसंत येईपर्यंत जगायचं, असा तो गेम. अक्कांनी पहिलं हरीण बघितलं, बाण लावला आणि खाली घेतला.

"मला न्हाय जमायचं हे. माझ्या हातनं न्हाय."

"अक्का, ते चित्र आहे."

"चित्र असलं म्हणून काय झालं? हात तर माझाच हाय ना?"

मग त्यांनी त्या माणसाला शाकाहारी केलं. बोरं, कंदमुळं, झाडाची साल. तो भुकेनं मरायचा, अक्का पुन्हा सुरू करायच्या. कुठल्या झाडाखाली काय उगवतं हे त्यांना घरच्या शेतापेक्षा त्या रानातलं जास्त पाठ झालं. माणूस खंगला, चालताना लटपटायला लागला, पण वसंत आला तेव्हा जिवंत होता. वाटेत एक लांडगा अंगावर आला तेवढा मारावा लागला. त्या दिवशी सोमवार नसताना अक्कांनी उपास धरला. अप्पांनी कारण विचारलं तर म्हणाल्या, "असंच." मी वर जाऊन पोटभर हसून घेतलं. खाली आले तेव्हा त्या खरोखरच उदास बसल्या होत्या आणि मला माझ्या हसण्याची जरा लाज वाटली.

शाळेत एकदा फारच पंचाईत झाली. एका मुलाचे वडील तक्रार घेऊन आले. पोरगा दिवसभर मोबाईलवर गेम खेळतो, अभ्यासाला हात लावत नाही, मॅडम, तुमीच चार शब्द सांगा, तुमचं ऐकतंय ते. शिक्षकांच्या खोलीत सगळे ऐकत होते. अक्कांचा चेहरा लाल झाला. त्यांनी टेबलावरचा खडू उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.

"सांगते की," एवढंच म्हणाल्या. थोडं थांबून पुटपुटल्या, "खेळतंय ते पुरं तरी करतंय का?"

वडील गोंधळले. मी वहीत डोकं घातलं. नंतर बरेच दिवस मशीन बंदच होतं. "कुठल्या तोंडानं त्या लेकराला सांगू गं?" असं त्या मला भाकरी थापता थापता विचारायच्या. मग एका संध्याकाळी टीव्हीचा आवाज वर आला. अक्कांना राहवलं नव्हतं. त्या ओळीत नवीन गेम येऊन बसला होता.

हे एक वेगळंच प्रकरण होतं. विरेश पुण्यात बसून फोनवर गेम विकत घ्यायचा आणि तो नळदुर्गातल्या मशीनवर आपोआप येऊन पडायचा. खेळायला वेळ नाही म्हणणारा पोरगा घेत मात्र होता. अक्का एक संपवायच्या तर दुसरा हजर. अक्कांनी ह्याचा आपल्यापुरता अर्थ लावला होता.

"कायतरी बिनसलंय त्याचं," नवीन चित्र दिसलं की त्या म्हणायच्या. "साहेब बोलला असंल. न्हायतर जेवला नसंल. मन लागंना की हे असलं घेत बसतंय."

मग त्या फोन लावायच्या. तो "बरा हाय गं मी" म्हणायचा. मग ह्या काळजी करत करत तो नवीन गेमसुद्धा रांगेला लावायच्या आणि यथावकाश संपवायच्या. पोरासाठी दुसरं काही करता येत नाही तर निदान हे तरी, असा सगळा भाव.

श्रावणात डोंगराचा गेम हाती आला. एक बर्फाचा डोंगर, एक माणूस, थोडे दोर. कडे चढत जायचं, वाटेत तंबू ठोकायचा आणि त्या तंबूला नाव द्यायचं. पडलं तर शेवटच्या तंबूपासून पुन्हा चढायचं. ओळीतले बाकी सगळे गेम विरेशनं उघडलेसुद्धा नव्हते. हा मात्र मागं सुट्टीला घरी आला तेव्हा त्यानं निम्म्याच्या पुढं नेलेला होता. त्याचे तंबू उभे होते आणि त्यांना त्यानं नावं दिली होती: टेंभुर्णी, मोहोळ, सोलापूर, बोरामणी. शेवटचा तंबू इटकळ.

"बग की हे येडं," अक्का खूष होऊन म्हणाल्या. "यष्टीत बसल्यागत डोंगर चढलंय."

पण यंत्र हातात घेऊन थांबल्या. "ह्यात त्याचा हात लागलेला हाय गं. घेऊ का नगं?"

"मग उष्टं झालं की, अक्का. तुमच्याच वाटणीचं."

त्या हसल्या आणि इटकळच्या तंबूतून बाहेर पडल्या. पुढचा कडा भयंकर होता. हात लावावा तिथून घसरायचं. अक्का कितीतरी संध्याकाळी त्या कड्यावरून पडत राहिल्या. शेवटी डावीकडं, बर्फाखाली झाकलेली एक खाच त्यांना सापडली. तिथं बोटं रोवली की वर जाता येत होतं. माथ्यावर पोचल्या तेव्हा आम्ही दोघी टाळ्या वाजवत होतो. माथ्याला नाव द्या, असं गेमनं विचारलं. अक्कांनी सवयीनं तिथं ‘झालं’ असं लिहिलं. नावांची रांग वर गेली, आणि ती संपल्यावर पडदा पुन्हा डोंगराच्या पायथ्याशी आला. तंबू सगळे गेले होते. त्या गेमची रीतच तशी होती, एकदा माथा गाठला की सगळं पुसून पहिल्यापासून.

थोड्या दिवसांनी विरेशचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि तो म्हणाला, "आई, आपल्या टीव्हीवर त्यो डोंगराचा गेम हाय बग. त्यो तेवढा ठेवलाय मी. दिवाळीला आल्यावर निवांत बघतो."

अक्का "बरं" म्हणाल्या. फोन ठेवला आणि खाली फरशीवरच बसल्या.

"माझ्या लेकरानं एक घास राखला होता गं," त्या म्हणाल्या. "त्यो बी मी खाल्ला."

मी म्हटलं, सांगून टाका, एवढं काय त्यात. त्यांनी मान हलवली. तंबूंची नावं त्यांना आता वेगळीच दिसायला लागली होती. टेंभुर्णी, मोहोळ, सोलापूर, बोरामणी, इटकळ, आणि पुढं काय येतं ते आमच्या भागातलं शेंबडं पोरही सांगेल. पुण्याहून घरी यायची ती वाट होती. विरेशनं नळदुर्ग तेवढं शिल्लक ठेवलं होतं, घरी येऊन गाठायला, आणि तिथं आईनं आधीच जाऊन ‘झालं’ लिहून ठेवलं.

"आता कशाला येतंय ते?" अक्का म्हणाल्या. त्यांच्या आवाजात इतकी भीती मी कधी ऐकली नव्हती. नोकरीला लागल्यापासून विरेशचं येणं कमी कमी होत गेलं होतं. तो येईल असं एक कारण त्यांना मिळालं, आणि ते त्यांच्याच हातून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डोंगर पुन्हा पायथ्यापासून चढायला घेतला. विरेशनं जिथं तंबू ठोकला होता नेमका तिथंच ठोकायचा, तेच नाव द्यायचं, इंग्रजी अक्षरंसुद्धा त्यानं लिहिली होती तशीच. मोहोळचा तंबू त्यानं एका अडचणीच्या कपारीत लावला होता. ती कपार सापडेना तेव्हा अक्कांनी पुन्हा खाली उतरून सगळा कडा शोधून काढला. अंगठ्याचा सांधा सुजला, त्याला हळद लावून फडकं बांधलं. सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा खाटेखाली तसाच पडून राहिला, आणि हे मी त्यांच्या बाबतीत पहिल्यांदा बघितलं. ह्यावेळी खेळण्यात मजा अशी नव्हतीच. टीव्हीपुढं बसलेल्या अक्का एखादं व्रत करत असल्यासारख्या दिसायच्या. मी शेजारी बसायची आणि मनातल्या मनात म्हणायची, उष्टं म्हणायची दुर्बुद्धी मला तरी कुठून झाली.

दिवाळीच्या आधी त्या इटकळला पोचल्या. तंबू ठोकला. वर तो कडा दिसत होता, खाच कुठं आहे ते त्यांना माहीत होतं. त्यांनी मशीन बंद केलं आणि यंत्र टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवून दिलं.

दिवाळीला विरेश आला नाही. सुट्टी मिळाली नाही म्हणाला. दोन दिवसांनी अक्कांनी पुसायला म्हणून मशीन चालू केलं तर ओळीत नवीन गेम आलेला. त्याला त्यांनी हात लावला नाही. पुढं आणखी एक आला, त्यालाही नाही. "माझंच चुकलंय," एवढंच म्हणायच्या. त्याला कसं तरी समजलं असणार आणि म्हणून तो येत नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. अप्पांनी चेष्टा करायची सोडून दिली, त्यावरून मला घरातलं वातावरण काय झालंय ते कळलं.

पुढच्या उन्हाळ्यात मी नवऱ्याच्या बदलीमुळं लातूरला आले. आता अक्कांशी फोनवर बोलणं होतं, पण भेट नाही. त्यांची आठवण आली की मला दिसतो तो त्या दिवाळीनंतरच्या येळवसचा दिवस. आमच्याकडे मार्गशीर्षातल्या अमावास्येला सगळी घरं शेतात जेवायला जातात, गावात चिटपाखरू राहत नाही. अक्कांची जमीन जळकोटच्या शिवारात. सकाळपासून भज्जी, उंडे, आंबील असा सगळा थाट चालला होता आणि माझीही लुडबुड चालू होती. तेवढ्यात दारात बॅग टेकवून विरेश उभा. न सांगता आला होता. अक्का त्याच्याशी कानडीत काय काय बोलल्या ते मला कळलं नाही, पण पाठीत एक धपाटा घातला ते दिसलं.

तो आंघोळ करून आला आणि पडद्यापुढं बसला. "जीप भरून होईस्तोवर जरा बघतो," म्हणाला. अक्कांनी कपाटातलं यंत्र आणून त्याच्या हातात दिलं आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. तिथून डबे भरल्याचा आवाज येत होता आणि मधेमधे थांबत होता. विरेशनं डोंगर उघडला. इटकळ. तो तंबूतून निघाला, कड्याला भिडला आणि पडला. पुन्हा गेला, पुन्हा पडला. अक्का भाकरीची टोपली घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. तो परत उजवीकडनं चढायला लागला, हात पुढं केला, आणि अक्कांच्या तोंडून निघून गेलं,

"आरं डावीकडं! बर्फाखाली खाच हाय!"

आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. पडद्यावरचा माणूस दोराला लोंबकळत होता.

विरेशनं मागं वळूनही पाहिलं नाही. "आता सांगितलंस व्हय?" तो म्हणाला. "दसऱ्याच्या आदीपासनं वाट बघायलोय मी. फोनवर मुद्दाम विषय काढला, तरी बोलली न्हाईस."

"तुला ठाव हाय?"

"फोनवर दिसतंय की आई. कुठला गेम कवा संपला, समदं दिसतंय. जंगलाचा गेम एक बी हरीण न मारता संपवलास, ते आमच्या हापिसातल्या पोरांना खरं वाटंना."

अक्कांनी टोपली खाली ठेवली. "मग रागावला न्हाईस? तू राखून ठेवलेलं..."

"राखून कुठलं? अडकलो होतो मी इथं. मला जमंनाच."

खरं तर इथं अक्कांचं ओझं उतरायला हवं होतं. मला वाटलं आता त्या हसतील. पण गणिताच्या बाईला राहिलेली पायरी दिसतेच.

"खेळत न्हाईस, टाइम न्हाय, मग नवीन नवीन कशाला घ्यायलास रे?"

विरेश अंगठ्यानं बटणं नुसतीच चाळवत राहिला.

"यायचं ठरवायचो," तो शेवटी म्हणाला. "कवा सुट्टी मिळायची न्हाय. कवा मिळायची तरी मीच यायचो न्हाय, तिथंच लोळत पडायचो. मग लई वाईट वाटायचं. तू संपवायलीस ते दिसायचं. मग एक घेऊन टाकायचो. आपण न्हाय तर न्हाय, घरात कायतरी तरी जावं."

अक्कांनी पडद्याकडे पाहिलं. तिथं आता फक्त डोंगर होता, पण ती सगळी ओळ त्यांच्या डोळ्यांपुढं उभी राहिली असणार. एकेक गेम त्यांनी काळजीनं सुरू केला होता आणि संपवून ‘झालं’ म्हणत पाणी प्यायलं होतं. त्यातला पुण्याहून आलेला प्रत्येक गेम म्हणजे पोरगा घरी न आलेली एकेक सुट्टी होती.

"म्हंजे हे समदे..." त्या म्हणाल्या.

"व्हय," विरेश म्हणाला. त्याची मान खाली होती.

इतके महिने त्या घरात एकटी आई अपराधी होऊन बसलेली मी बघत होते. पुण्याच्या त्या खोलीत दुसरं कुणी तसंच बसलं असेल हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. मला तिथं उभं राहवेना. बाहेर अप्पांनी जीपचा हॉर्न धरून ठेवला होता. मी भाकरीची टोपली उचलली. अक्कांनी पदरानं डोळे पुसले, पोराच्या शेजारी खाटेवर बसल्या आणि फळ्यापाशी उभ्या केलेल्या पोराला सांगावं तशा म्हणाल्या, "चढ."

मी टोपली घेऊन अंगणात आले तेव्हा मागून घसरल्याचा आणि आपटल्याचा आवाज आला. पाठोपाठ अक्कांचा.

"ह्या बारीला खरंच पडलास, का मुद्दाम?"